बुधवारी, सव्वासातला

पहिल्या बुधवारी मी नुसतीच समोरून गेले.
बंद पडलेल्या आइस्क्रीमच्या टपरीपाशी
दहाबारा माणसं खांबाला हात टेकून पोटऱ्या ताणत होती.
मी नाडी बांधायचं निमित्त केलं.
बांधलेलीच होती ती,
सोडली, पुन्हा बांधली,
आणि घरी जाऊन सूप गरम केलं.

पुढच्या बुधवारी विचारलं, पैसे किती?
काही नाही, म्हणाली आनाई. तीच सगळ्यांची मोजदाद ठेवते.
फॉर्म? नाही.
मग वजन उतरवायची पावडर विकता?
की शेवटी देवाबद्दल सांगता?
शेवटी केळी असतात, ती म्हणाली. कधी कधी.

एकोणतीस वर्षं झाली, मोंतेविदेओत
चाव्या बनवायचं दुकान आहे माझं, दोन हात रुंद.
कुलपांवरच पोट,
त्यामुळं उघडं दार दिसलं
की मी आधी बिजागरी तपासते.
फुकट म्हटलं की यात गोम काय, ती शोधत बसते.
सापडेना, म्हणून धावले.

धावले म्हणजे काय,
दुसऱ्या दिव्याच्या खांबापर्यंत
श्वास गंजक्या कुलपातल्या चावीसारखा अडकला,
पुढंही जाईना, मागंही येईना.
बाकीचे गप्पा मारत लांब गेले,
यामांदू तर चक्क हसत होता धावताना,
फुप्फुसं उधार आणल्यासारखा.
डावीकडं नदी. पलीकडचा काठ दिसत नाही
तरी तिला नदीच म्हणतो आम्ही,
मग मलाही धावपटू म्हणायला हरकत काय,
असलं काहीबाही मनात येत होतं.

आणि मागं पिवळ्या जाकिटातला वॉशिंग्टन.
(आमच्याकडं असतात अशी नावं. त्याच्या भावाचं नाव एडिसन.)
एकाहत्तर वर्षांचा. हयात बसमध्ये तिकिटं फाडण्यात गेली.
सगळ्यांच्या मागं राहायचं, हे त्याचं काम.
मी थांबले की तोही थांबायचा,
एक मिनिट हं, म्हणायचा,
आणि वाकून बुटाची नाडी बांधायचा.
मी कठड्याला धरून उभी, धापा टाकत,
मनात म्हणायची, काय वेंधळा म्हातारा,
याची नाडी दर दोनशे पावलांना सुटते.

त्याच्या बुटांना नाड्या नव्हत्याच,
चिकटपट्ट्या होत्या.
हे माझ्या लक्षात आलं सातव्या बुधवारी.
त्या दिवशी मी काही बोलले नाही.
नंतरही नाही.

जुलैत दक्षिणेचा वारा सुटला.
लाटा कठड्यावरून उडून आमच्या पिशव्यांवर पडायच्या,
मोबाइल भिजले, कुणाचं तरी औषध भिजलं,
आनाईच्या लेकीची वही भिजली
तिच्यात तिनं अपूर्णांक सोडवले होते.
मी टपरीच्या कुलपाकडं बघत होते.
साधं कुलूप. मला डोळे मिटून उघडता आलं असतं.

पण तसं नाही केलं.
मालकीण शोधली. पायसान्दूत मुलाकडं राहते ती.
फोनवर म्हणाली, चावी कधीच हरवली बाई,
वापरा खुशाल,
फक्त फ्रीजरवर निळ्या पेंग्विनचं चित्र आहे
ते पुसू नका.

आम्ही आत शिरलो. पेंग्विन होता,
एक पंख उडालेला.
वॉशिंग्टननं त्याच्या डोक्यावर हात ठेवला,
बसमध्ये चढणाऱ्या लहान मुलाच्या ठेवत असेल तसा.

गुरुवारी दुकानात रात्री उशिरापर्यंत बसून
मी चौदा चाव्या कापल्या.
पितळेचा भुगा बाहीला, पापण्यांना.
पंधरावी कापली,
ती कुणासाठी ते ठाऊक नव्हतं.

बुधवारी वाटल्या.
यामांदूनं त्याची दाताखाली चावून बघितली.
वॉशिंग्टननं चष्मा लावला, चावी उजेडात धरली,
दाते मोजल्यासारखं केलं,
आणि खिशात हात घालून विचारलं,
किती झाले?

एक मिनिट हं, म्हणाले मी,
आणि वाकून
बुटाची नाडी बांधत बसले.