मागच्या सीटवर आई

लिस्बनच्या जोडप्याचा सकाळीच निरोप आला:
पोट बिघडलंय, येत नाही, पैसे ठेवून घे.
टाकी भरलेली, टॅक्सी धुतलेली,
आणि आई उंबऱ्यात नीरफणस सोलत बसलेली.
म्हटलं, चल.
कुठे?
रोज लोकांना नेतो तिथे.
तिने सुरी पुसली, हिरवा झगा घातला,
मयताला आणि मतदानाला घालते तो.
मी पुढचं दार उघडून धरलं,
ती वळसा घालून मागे जाऊन बसली.
"पैसे भरलेत ना कुणी? मग मागेच."

चढ लागला तसा मी सवयीने बोलू लागलो:
उजवीकडे कोको, वर धुक्यात कॉफी,
हे मळ्याचं इस्पितळ, छपरातून झाड आलंय ते.
आरशात तिचे डोळे.
"इथे आई तापाने फणफणली होती.
फोटोला थांबतोस?"
थांबतो. दहा मिनिटं.
"मग थांब."
दहा मिनिटं आम्ही काचा बंद करून बसलो.
एक बकरी पायऱ्या चढून आत गेली.

धबधब्याशी मी सांगतो: साठ मीटर.
मोजलेत कुणी?
माझ्या आधीच्या ड्रायव्हरने मला सांगितलं,
त्याला कुणी, देव जाणे.
आईने वर पाहिलंच नाही.
पाण्यात हात घालून बोटं चोळली,
बाजारात पीठ पारखते तशी,
"साबण चांगला फेसाळेल," म्हणाली
आणि डोक्याचं फडकं सोडून खडकावर धुवायला बसली.
दुसऱ्या गाडीतली माणसं खोळंबली,
आई त्यांच्या फोटोत येत होती.
चाळीस वर्षं मासळी विकलेली पाठ ती,
सहजासहजी हलत नाही.

फडकं पिळताना म्हणाली,
"काबो व्हेर्दला तिच्या गावी पाच वर्षं पाऊस नव्हता.
करारावर अंगठा देऊन जहाजातून इथे उतरली,
हे पाणी पाहिलं, आणि तिला वाटलं
वर कुणाकडून तरी काहीतरी उघडं राहिलंय.
रात्रभर जागी होती,
कुणीतरी येऊन बंद करेल म्हणून."
हे मी पाहुण्यांना सांगू?
"जास्त पैसे देतील?"
नाही.
"मग नको."

नेवेशपासून समुद्र डाव्या काचेला… नाही, उजव्या.
जाताना उजव्या, येताना डाव्या, अजून चुकतो.
फळ्यांवरून घसरत येणारी पोरं,
मांडवावर पंख पसरून वाळणारे उडते मासे,
मग खडकातला तो गळका बोगदा,
त्यात आई चक्क हॉर्न वाजवायला सांगते.
सांता कातारीनाला ती एका बाईला शोधत होती.
नाव माहीत नव्हतं.
चाळीस वर्षं ट्रकमधून येणाऱ्या टोपल्यांपैकी
एकीच्या कडेला लाल दोऱ्याची गाठ असायची,
त्या टोपलीत कधी शिळा मासा निघाला नाही.
चार घरं विचारली.
पाचव्या घरात एक तरुण बाई, कडेवर मूल,
म्हणाली, ती माझी सासू, इडालीना.
तीन पावसाळे झाले.
गाठ आता मी बांधते.
आईने तिचा हात हातात घेऊन उलटा केला, पालथा केला,
मग घासाघीस सुरू केली.
अर्धा तास. आवाज चढवून.
शेवटी सांगितलेल्या भावापेक्षा वीस दोब्रा जास्त देऊन उठली.

पुढे रस्ता संपतो.
इथे लोक काय करतात?
उतरतात, समुद्राकडे बघतात, म्हणतात, किती शांत.
ती उतरली.
लाटा दगडांवर भांडी आपटल्यासारख्या आपटत होत्या.
"शांत?" म्हणाली, आणि इतकी हसली
की दाराचा आधार घ्यावा लागला.

परतताना फडकं काचेत धरलं होतं तिने,
शहर येईतो वाळलं.
उतरताना माझ्या खिशात काहीतरी कोंबलं.
"भाडं नाही. पेट्रोल."

आज ते जोडपं येतंय, बरं वाटतंय म्हणे.
सीट दोनदा पुसली, लिंबू चोळलं,
सुक्या मासळीचा वास हलत नाही.
काचा खाली ठेवीन.
साठ मीटर, सांगेन.