एका अक्षराचा फरक

दिवाळ्याच्या जेट्टीवर जोमुबाईने
आधी माझे बूट काढायला लावले.
"चिखल पायाला कलतो. बुटाला नाय."

अमावास्येची ओहोटी.
खाडी आपलं तळघर उघडं टाकून
पार पलीकडे गेलेली.
जोमुबाई वाकून भोकं हेरते,
दोन बारीक, नाकपुड्यांसारखी,
कोयतीचं टोक घालते, मग हात,
आणि शिवली वर येते: बंद, जड,
मागच्या भरतीचा एक घोट तोंडात धरलेली.

मी नंबर टाकत गेले. दि-१, दि-२.
सतराव्या शिवलीवर तिने अंगठा फिरवला.
"ही हितली नाय."
कशावरून?
"पाठ बघ ना. मोऱ्याकडची. खाऱ्या पान्याची."
आणि पाटी डोक्यावर घेता घेता,
"मीपन तिकडचीच. मना हितं दिली."

प्रयोगशाळेत प्रत्येकीचा पाय कापला
(एकच असतो, जिभेसारखा),
स्पिरिटच्या नळीत ठेवला.
तीन आठवड्यांनी मशीनने वाचून दिलं:
चार अक्षरांचा मजकूर, हजारो ओळी,
ऐरोलीपासून मोऱ्यापर्यंत जवळजवळ तोच.
पिल्लं तरंगत असतात ना आधी,
भरती टाकेल ते गाव.

फक्त एका ओळीत, एका जागी
एक अक्षर वेगळं.
आतल्या खाडीत ते जास्त सापडतं,
जिथे कंपन्यांचा नाला येऊन मिळतो
आणि मे महिन्यात डबक्यात बोट ठेववत नाही.
कुणी शिकून घेतलं नव्हतं ते अक्षर.
ज्यांच्याकडे होतं त्या राहिल्या.
ज्यांच्याकडे नव्हतं
त्यांच्या टरफलांवरून आम्ही त्या दिवशी
अनवाणी चाललो होतो.

आणि दि-१७?
त्या जागी दोन्ही अक्षरं.
एक आईकडून, एक बापाकडून.
कोण कुठलं, ते विचारायला आता पाय नळीत होता.

सांगायला गेले तेव्हा ती शिवल्या धूत होती.
"म्हंजे मी चुकली?"
अर्धी बरोबर, म्हटलं.
"मंग अर्धे पैसे दे," म्हणाली आणि हसली,
टोप चुलीवर चढवला.
वाफेत एकेक तोंड उघडू लागलं.

दारात तिची नात मनश्री
पालथी पडून शिक्षा लिहीत होती.
वहीत 'पानी'तल्या 'नी'ला बाईंनी लाल गोल केलेला,
आणि खाली वीस वेळा लिहायचं होतं, नीट.
मी वाकून पाहिलं.
सात ओळी पाणी, पाणी, पाणी,
अक्षर अगदी दाबून.
आठव्या ओळीपासून
पुन्हा पानी.