शिशाचा एप्रन

आजकाल आम्ही तो कुणाला घालत नाही.
दाराआडच्या खिळ्याला लटकलेला असतो,
हिरवट, कोपऱ्यात चिरलेला,
निवृत्त हवालदाराच्या कोटासारखा.

नवे नियम आले तेव्हा डॉक्टर गिलक्रिस्ट म्हणाल्या,
किरण आता नेमका जातो, जेवढा हवा तेवढाच.
मध्ये शिसं आलं तर चित्र बिघडतं,
मग पुन्हा काढा.
इशबेल, बंद कर ते ओझं.
मी बंद केलं.

मागच्या आठवड्यात आठ वर्षांची मिरेन,
तोंडात पट्टी, बोबडं बोलत:
काहीच होत नाही, तर तू बाहेर का पळतेस?
म्हटलं, तुझा फोटो वर्षा-दोन वर्षांत एखादा,
माझे दिवसाला तीस.
तिने बोटांवर काहीतरी मोजलं.
मग जा, म्हणाली,
पण दार पूर्ण लावू नकोस.

आज सकाळी मिस्टर क्रुकशँक.
ॲबर्डीनच्या खाणीत चाळीस वर्षं ग्रॅनाइट फोडलेला माणूस,
खुर्चीत बसला तो अंग चोरून.
तो जड कोट कुठाय?
लागत नाही आता.
का? माझ्यात वाचवण्यासारखं काही उरलं नाही म्हणून?

मी हसले. पाठ असलेलं सगळं सांगितलं:
एका फोटोत जेवढं मिळतं,
त्याहून जास्त तुम्हाला एका दिवसात असंच मिळतं,
आभाळातून, जमिनीतून,
तुमच्या घराच्या भिंतींतून.
ग्रॅनाइटसुद्धा थोडं थोडं देतच असतो,
तुम्ही झोपलेले असता तेव्हाही.

म्हातारा ताठ झाला.
माझ्या दगडाला नावं ठेवू नकोस, पोरी.

मग बराच वेळ काही नाही.
खिडकीबाहेर समुद्रावरून आलेलं धुकं,
एक सीगल कचऱ्याच्या डब्यावर.
एल्स्पेथला नेत होते, तो म्हणाला,
सहा आठवडे, रोज.
खोलीवर लाल दिवा लागायचा.
मी बाहेर बाकावर, तिची पर्स धरून.

माझ्या जिभेवर एक आकडा होता.
मी तो गिळला.
धुक्याचा थेंबही पाणीच,
आणि धक्का फोडून आत येणारी लाटही पाणीच.
शब्द एकच दिला आपण दोघांना,
आता त्याला कुठल्या तोंडाने सांगू
की हा थेंब आहे?

खिळ्यावरून एप्रन काढला.
मानेपासून दूर, मांडीवर पसरला,
चित्राच्या आड येणार नाही असा.
याची गरज नव्हती.
त्याने दोन्ही हात त्यावर ठेवले, तळवे पालथे,
आणि खांदे खाली आले,
जणू कुणीतरी शेजारी येऊन बसलं.

मी भिंतीमागे गेले. बटण दाबलं.
एक बारीक शिट्टी, पापणी लवावी इतकीच.

पडद्यावर त्याच्या दाढा उमटल्या,
करड्या, खाणीच्या कड्यासारख्या,
आणि खालच्या डावीकडे, दोन दातांच्या फटीत,
वरून कधीच दिसली नसती अशी कीड.

कीड आहे, मी म्हटलं. लहान आहे.
एवढंच?
एवढंच.

तो गेल्यावर एप्रन परत टांगायला घेतला.
आतल्या बाजूने अजून ऊबदार होता.