पाणी सोडणाऱ्याची मुलगी

खानापूरच्या स्टँडवर उतरले तेव्हा
बॅगेत बाबांच्या दाखल्याचा अर्ज होता,
आणि दोनशेच्या तीन नोटा, वेगळी घडी करून,
खिडकीवर लागतील म्हणून.

लागल्या नाहीत.
खिडकीतल्या मुलीनं कानडीत नाव विचारलं,
मी अडखळत सांगितलं,
मग तिनंच मराठीत टाइप करून स्क्रीन माझ्याकडे वळवली:
‘भरमाण्णा. शेवटी डबल ण ना, अक्का?’
पंचवीस रुपये. पावती.
पावती घेऊन मी उगाच तिथंच उभी,
तर मागचा माणूस म्हणाला,
‘झालं की ओ तुमचं.’

बाबा गावाला पाणी सोडायचे.
म्हणजे एवढंच:
लोखंडी लांब चावी खांद्यावर, सायकल, पहाटेचे चार,
गल्लीगल्लीच्या चेंबरवर वाकून
डावीकडे अकरा फेरे.
पाणी आठव्या दिवशी. कधी बाराव्या.
मलप्रभा गावाला खेटून वाहायची
आणि शिव्या बाबांना.
‘तुझ्या घरात येत असंल की रोज!’
आमच्या घरी नळच नव्हता.
हे सांगून कुणाला पटलं नसतं,
बाबांनी सांगितलंही नाही.

कुंभार गल्लीच्या तोंडाशी विहीर होती.
तिला विहीर कुणी म्हणत नसे,
‘तिकडं टाकून ये’ म्हणत.
फुटकी कौलं, निवडणुकीचे बॅनर, मेलेली मांजरं,
एकदा माझं नापासाचं प्रगतिपुस्तक.
आता कठड्याला चुना, वर जाळी,
आणि आत पाणी.
काळं नाही, हिरवं नाही.
पाण्याच्या रंगाचं.

कठड्यावर बाबाजान मकानदार बसलेले,
सायकलवाले, बाबांचं पंक्चर उधारीवर काढणारे.
‘पयल्या दिवशी सात जणं आलो.
त्यातली तीन नुसती बघायला.’
काय काय निघालं, चाचा?
‘गाळ सोळा ट्रॅक्टर. एक शिलाई मशीन.
आणि रस्त्याचे फलक दोन,
एक मराठी, एक कानडी,
कुठल्या दंग्यात कुणी टाकलेले कुणास ठाऊक.
खाली एकमेकांवर पडून होते, नवराबायकोगत.
डांबर दोघांच्या पण तोंडाला.’

मग?
‘मग काय. पाठी कोऱ्या होत्या की.
पाण्याचं टाइमटेबल लिवलंय त्यांच्यावर.
मराठीच्या पाठीवर कानडी पडली, कानडीच्या पाठीवर मराठी.
मुद्दाम नव्हे गे,
जो हाताला लागला तो.’

सगळंच बदललं असं नाही.
मासळी बाजारामागची गटार तशीच उघडी,
सरकारी दवाखान्यात डॉक्टर बुधवारी, तेही आले तर.
खरं पाणी तिसऱ्या दिवशी येतं,
आणि येणार नसलं तर आदल्या रात्री मेसेज येतो.
मेसेज गंगव्वा टाकते.
बाबांच्या जागी आता ती.

रात्रीची बस मी सोडून दिली.
पहाटे चारला तिच्यामागे चालत राहिले,
कुत्री तिला ओळखत होती, मला नाही.
चेंबरचं झाकण तिनं पायानंच सरकवलं.
चावी तीच असेल असं मला वाटलेलं.
नव्हती. हिला रबराची मूठ होती.
ती वाकली.
मी मनात मोजू लागले,
सात, आठ, नऊ,
ती थांबली.
मी म्हटलं, अजून दोन.
‘नवा व्हॉल्व हाय अक्का. नवात होतंय.’

जमिनीखाली काहीतरी खाकरलं, मग धावलं.
कुठल्याशा घरात बादली आपटली
आणि खिडकीतून आवाज:
‘सव्वाचार झाले की गे! झोपलीस काय?’

गंगव्वा हसली.
बाबांना हसताना मी कधी पाहिलं नव्हतं.
की हसतही असतील,
अंधारात, वाकलेले असताना.
मी तेव्हा झोपलेली असायचे.