वेळागरचा खड्डा

मोगरा गेला, पाठोपाठ जास्वंद.
हापूसच्या कलमाची पानं
कडेकडेनं करपली,
कुणी उदबत्ती टेकवत गेल्यासारखी.
नवी विहीरही दिवाळीनंतर मचूळ.

तेव्हा पेद्रू फर्नांडिस आला
माडाचं रोप काखोटीला मारून.
कमरेएवढा खड्डा खणला,
तळाला सोडणं अंथरली, उताणी,
आणि माझ्याकडे मागितलं
मीठ.
"अजून मीठ?"
"घाल गो, भियातंस कित्याक?
माडाक गोडी लागता."
मी स्वयंपाकघरातली बरणीच
आणून पालथी केली.

त्याला चार वर्षं झाली.
पेद्रू आता मडगावला, लेकीकडे;
गुडघे गेले म्हणतो.
फोनवर पहिलं विचारतो, झावळ्या किती?
मी खिडकीशी जाऊन मोजते:
नऊ, आणि मधला कोंब.
वारा सुटला की त्या
चिऱ्याच्या गडग्यावर खरडत राहतात
रात्रभर.
काचेवरचा खार पुसून पुसून
माझंच फडकं विरलं.

एक मात्र त्याला सांगितलेलं नाही.
संध्याकाळी बुंध्याशी कळशी ओतताना
मी बोट बुडवून जिभेवर ठेवते.
मचूळच.
पण आता थुंकत नाही.