निरीक्षण नाही, कारण

औरादच्या तेहतीस केव्ही उपकेंद्रात
टेबलावर दोन वह्या असतात.
एक कंपनीची, तासातासाचं रीडिंग,
जे आम्ही बहुतेक पहाटे एकदमच भरतो.
दुसरी माझी, प्रात्यक्षिक क्रमांक चार:
ययातीतला अल्गोल, दर अर्ध्या तासाला प्रत लिहा.

मागच्या वहीवर सरांनी लाल शाईत लिहिलं होतं,
पुस्तकात काय आहे ते मला माहीत आहे.
तुम्हाला काय दिसलं, बिराजदार?

डिसेंबर. यार्डातला दिवा मी बंद केलेला.
लिंबराज बॅटरी धरून उभा,
काचेवर लग्नपत्रिकेचा तांबडा जिलेटिन कागद.
"काय बघायलाव मॅडम एवढं? हललं का कायतरी?"
हलत नाही. मंदावतं.
देवयानीच्या पायाशी एक तारा आहे, त्याच्याशी ताडून बघायचं.
दहा वाजता दोन पॉइंट तीन.
अकराला दोन पॉइंट पाच.
बाराला शेजारचाही त्याला जड जायला लागला.
ट्रान्सफॉर्मरची घूं घूं पाठीत,
मान अवघडलेली, बोटं गार,
साडेबाराला तीन पॉइंट दोन, आणि पुढं एक प्रश्नचिन्ह.

एक वाजून दहा मिनिटांनी
तो सगळ्यात फिका होणार होता.

एक वाजून आठला खाडकन आवाज झाला.
शेतीचा फीडर गेला.
मोटारी थांबल्या, वस्तीवरचे बल्ब गेले,
सगळं शिवार विझलं
आणि आभाळ असं उघडलं
की तसं मी या नोकरीत कधी बघितलं नव्हतं.
तेव्हाच मला आत जावं लागलं.

फोन. "ताई, लाइन गेली."
ब्रेकर टाकला, पडला.
लिंबराज तारेखालून मेलेलं वटवाघूळ घेऊन आला, शेपटीला धरावं तसं पंखाला धरून.
पुन्हा टाकला. पडला.
तिसऱ्यांदा धरला.

बाहेर आले तेव्हा दोन वाजायला दहा कमी,
तारा परत वर चढायला लागला होता.

पेन हातात. तीन पॉइंट चार,
सगळ्या जगाला माहीत असलेला आकडा,
लिहिला असता तर कुणाला कळणार होतं?
मी लिहिलं:
१.१०. निरीक्षण नाही. कारण फीडर क्रमांक तीन.
मग कंपनीची वही ओढली
आणि तीच मिनिटं, तोच फीडर,
त्या रात्री वेळच्या वेळी भरला.

"मॅडम, म्हणजे ताराबी ट्रिप झाला का?"
नाही रे. दुसरा एक आडवा येतो त्याच्या,
त्याच्याहून अंधारा.
"मग परत कधी येणार?"
बोटं मोजली. दोन दिवस, वीस तास, एकोणपन्नास मिनिटं.
परवा. रात्री दहाला एक मिनिट कमी.

लिंबराज हसला.
शेतीचा फीडर दहालाच सुरू करायचा असतो.