ऑन म्हणजे वर

नायगावच्या रात्रशाळेत घारपुरेबाईंनी
फळ्यावर डिपेंड लिहिलं, पुढे ऑन.
ऑन म्हणजे वर. फ्रॉम चालणार नाही.

सुभान तडवी, टॉवरच्या काचा पुसणारा,
बोटं साबणाने उललेली:
बाई, मी तर दोराच्या खाली लोंबतो,
मग दोरावर कसा?

बाई खडू फिरवत राहिल्या.
लोंबणंच आहे रे आत,
त्यांच्या शब्दात, आपल्या अवलंबूनमध्येही.

त्याने वहीत वाक्य केलं:
आय डिपेंड ऑन मुकिंदा.

कोण हा?
वर असतो. सदतिसाव्या मजल्याच्याही वर,
गच्चीत, गाठ राखत.
त्याला बिडीची तलफ आली, तर

तर नाही, इफ. आणि ते आधी येतं, बाई म्हणाल्या.

सुभानने पेनाला टोपण लावलं.
तेवढं नको लिहायला.